साहित्याच्या वर्गातील पडदा : स्लाइड-सादरीकरणाचे प्रयोजन आणि मर्यादा

१. प्रश्नाचे स्वरूप

महाविद्यालयीन आणि पदव्युत्तर वर्गांत स्लाइडच्या साहाय्याने शिकवणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत ज्या अध्यापकांनी तोपर्यंत खडू आणि फळा यांपलीकडे पाहिले नव्हते, त्यांनाही संगणकाच्या पडद्यावर सादरीकरण मांडून शिकवणे भाग पडले. वर्ग पुन्हा भरू लागल्यानंतरही ती सवय टिकून राहिली. ही सवय स्वागतार्ह की त्याज्य, असा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. साहित्याच्या अध्यापनात पडद्यावर नेमके काय दाखवावे आणि काय दाखवू नये, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. आणि मराठीच्या अध्यापकांनी त्याचा आपल्या विषयाच्या अंगाने विचार करणे अगत्याचे आहे.

तसा विचार न झाल्याचे परिणाम आपल्या डोळ्यांसमोर आहेत. ‘संतकाव्याची वैशिष्ट्ये’, ‘नवकाव्याची लक्षणे’, ‘दलित साहित्याच्या प्रेरणा’ अशा शीर्षकांखाली पाच-सहा मुद्दे पडद्यावर उमटतात, विद्यार्थी भ्रमणध्वनीवर त्यांचे छायाचित्र टिपतात, आणि तेच मुद्दे त्याच क्रमाने उत्तरपत्रिकेत अवतरतात. या प्रवासात मूळ कविता वा कथा कोठेच भेटत नाही. बाजारातील मार्गदर्शिकांवर जो आक्षेप आपण वर्षानुवर्षे घेत आलो, तोच येथे आपल्या अध्यापनावर उलटतो. प्रस्तुत लेखात या साधनाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहून त्याची मर्यादा आणि त्याचे खरे सामर्थ्य या दोन्हींचा परामर्श घेतला आहे.

२. साधनाचा पूर्वेतिहास

आज आपण सर्रास वापरतो ते ‘पॉवरपॉइंट’ हे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये अमेरिकेतील फोरथॉट या कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवावयाच्या पारदर्शिका तयार करणे, हा त्याच्या पहिल्या आवृत्तीचा मुख्य उपयोग होता. व्यवसायाच्या बैठकीत एखादा प्रस्ताव थोडक्यात मांडून श्रोत्यांकडून निर्णय मिळवणे, या गरजेतून त्याची घडण झाली. ठळक शीर्षक, त्याखाली टिंबे आणि टिंबांपुढे अपुरी वाक्ये हा त्याचा साचा त्या गरजेला साजेसाच होता. वर्गाची गरज मात्र निराळी असते. तेथे निर्णय घ्यावयाचा नसतो. समज घडवावयाची असते.

मात्र चित्र दाखवून बोलण्याची कला आपल्याकडे अमेरिकेहून आलेली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जतन केलेली चित्रकथी ही परंपरा या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. तिचे एक जाणते कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीच्या पोथीत सुटी चित्रे असतात. कलावंत एक-एक चित्र श्रोत्यांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने त्या प्रसंगाची कथा गातो, सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. तेथेही काचेवर हाताने रंगवलेली चित्रे पडद्यावर मोठी होऊन दिसत आणि कथा तोंडी सांगितली जाई.

या दोन्ही प्रकारांतील एक समान सूत्र ध्यानात घेण्याजोगे आहे. चित्र आणि शब्द यांची कामे तेथे वाटून दिलेली आहेत. जे डोळ्यांनी घ्यावयाचे ते चित्रात आणि जे कानांनी घ्यावयाचे ते निवेदकाच्या मुखी. चित्रकथी आपल्या कथेचा सारांश चित्रावर लिहून ठेवत नाही. आणि श्रोत्यांकडे पाठ फिरवून तो वाचूनही दाखवत नाही. आपल्या वर्गांत नेमके हेच घडते आणि आपल्या अडचणीचे मूळ तेथेच आहे.

३. मुद्द्यांची मांडणी आणि युक्तिवादाची हानी

मुद्द्यांच्या स्लाइडवरचा मुख्य आक्षेप ती त्रोटक असते हा नाही. फळ्यावरही आपण त्रोटकच लिहितो. खरा आक्षेप असा, की एकाखाली एक लिहिलेल्या मुद्द्यांमधून त्यांचे परस्परसंबंध गळून पडतात. ‘म्हणून’, ‘तथापि’, ‘जरी-तरी’, ‘याउलट’ ही अव्यये विचाराचे सांधे असतात. टिंबांच्या यादीत त्यांना जागाच नसते. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत हाच दोष विस्ताराने दाखवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोलंबिया हे अवकाशयान कोसळले. त्या अपघाताच्या चौकशी मंडळाने ऑगस्टमधील अहवालात तांत्रिक टिपणांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या प्रथेवर टीका केली. धोक्याची सूचना स्लाइडवर होती. पण ती मुद्द्यांच्या उतरंडीत दडून गेली होती.

साहित्यशास्त्राच्या तासाचे उदाहरण घेऊ. भरताच्या रससूत्रावरील चार भाष्यकारांची मते शिकवताना एक तक्ता हमखास दाखवला जातो. डावीकडे लोल्लट, शंकुक, भट्टनायक आणि अभिनवगुप्त. उजवीकडे उत्पत्तिवाद, अनुमितिवाद, भुक्तिवाद आणि अभिव्यक्तिवाद. तक्ता अचूक असतो. तो पाठही होतो. पण त्यातून विद्यार्थ्याची अशी समजूत होते, की ही चार स्वतंत्र मते आहेत आणि आपण त्यांतले एक निवडावयाचे आहे.

वस्तुतः हा एक अखंड वाद आहे. विभावादिकांनी परिपुष्ट झालेला स्थायी भाव म्हणजे रस आणि तो मुख्यतः रामादी मूळ व्यक्तींच्या ठिकाणी असतो, असे लोल्लट म्हणतो. रस रामाच्या ठिकाणी असेल तर प्रेक्षकाला त्याचे काय, ही अडचण येथे उभी राहते. शंकुक तिला उत्तर देतो : नटाच्या कुशल अनुकरणावरून प्रेक्षक त्या भावाचे अनुमान करतो. चित्रातील घोड्याला आपण ‘घोडा’ म्हणतो तेव्हा ते ज्ञान खरेही नसते, खोटेही नसते, संशयाचेही नसते. नटाला राम म्हणून पाहणे हे तशाच प्रकारचे असते. पण अनुमानाने आनंद कसा मिळेल? आणि करुण रसात ते दुःख प्रेक्षकाला स्वतःचे वाटले, तर तो पुन्हा नाटकाला येईल कशाला? भट्टनायक या अडचणीतून साधारणीकरणाची कल्पना पुढे आणतो आणि त्यासाठी शब्दाचे भावकत्व व भोजकत्व असे दोन नवे व्यापार मानतो. अभिनवगुप्त साधारणीकरण स्वीकारतो, पण दोन नव्या व्यापारांची गरज नाकारतो. सहृदयाच्या मनातील वासनारूप स्थायी भाव व्यंजनेने अभिव्यक्त होतो, एवढे त्याला पुरेसे वाटते.

प्रत्येक मत आधीच्या मतातील अडचणीतून जन्मते. विद्यार्थ्याने शिकावयाची ती ही अडचण. मताचे नाव त्यानंतर आपोआप लक्षात राहते. हा वाद फळ्यावर उलगडताना अध्यापक पहिले मत लिहितो, थांबतो, वर्गाला आक्षेप सुचतो का ते पाहतो आणि मग पुढे जातो. फळ्यावरचे लेखन वर्गाच्या विचाराबरोबर वाढत जाते. स्लाइडवरचा तक्ता आदल्या रात्रीच पुरा झालेला असतो. त्यात विद्यार्थ्याच्या आक्षेपाला जागा राहिलेली नसते. तेव्हा जेथे विचाराची वाटचाल हाच पाठाचा विषय आहे, तेथे फळा हे अधिक समर्थ साधन आहे, असे म्हणावे लागते.

मोठ्या वर्गात मुद्दे दाखवल्याने वेळ वाचतो, हा युक्तिवाद येथे पुढे येईल. त्यात तथ्य आहे. मात्र त्यासाठी विवेचनाच्या आधी पूर्ण सारांश दाखवण्याची आवश्यकता नाही. विवेचन संपल्यावर उजळणीसाठी तो दाखवता येतो किंवा पूर्ण वाक्यांत लिहिलेले दोन पानी टिपण विद्यार्थ्यांच्या हाती देता येते. पूर्ण वाक्य लिहिताना ‘म्हणून’ आणि ‘तथापि’ टाळता येत नाहीत, हाच अशा टिपणाचा मोठा गुण होय.

४. जे पाहिलेच पाहिजे

पडद्याचे खरे सामर्थ्य दिसते ते जेथे वस्तू समोर असल्याखेरीज तिच्याविषयी बोलणे व्यर्थ ठरते तेथे. मराठीच्या अभ्यासक्रमात अशी स्थळे आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक आहेत.

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायांशी असलेला मराठी लेख भाषेच्या इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकून माहीत असतो. मराठीतील आद्य शिलालेख म्हणून त्याचे नाव व दहाव्या शतकातील साल पाठ केले जाते. त्या लेखाचे छायाचित्र वर्गात दाखवले, तर काय घडते ते पाहण्यासारखे आहे. नागरी लिपीतील दोन छोट्या ओळी दिसतात. पहिली चावुंडराजाने मूर्ती करवल्याचे सांगते. दुसरी गंगराजाने भोवतालचे आवार करवल्याचे सांगते. चावुंडराय दहाव्या शतकातला आणि गंगराज बाराव्या शतकातला. मग विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : दोन्ही ओळींचे अक्षरवळण पाहा, ते वेगळे वाटते की एकसारखे? वळण सारखेच आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येते. दोन ओळींत सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर असेल तर असे कसे होईल, हा पुढचा प्रश्न वर्गच विचारतो. पहिली ओळही बाराव्या शतकातच, दुसरीबरोबर कोरली गेली असावी, हे अभ्यासकांचे मत कोणत्या पुराव्यावर उभे आहे, ते तेथे प्रत्यक्ष कळते. शं. गो. तुळपुळे यांनी अलिबागजवळील आक्षी येथील इ. स. १०१२ च्या लेखाला अग्रस्थान का दिले, याचाही उलगडा होतो. ‘आद्य’ हा शब्द पाठ करण्याचा नसून सिद्ध करण्याचा आहे, एवढी जाणीव एका छायाचित्राने होते. तेथेच असलेले कन्नड आणि तमिळ लेख पाहिले, की मराठीचा आरंभ बहुभाषिक परिसरात झाला हेही वेगळे सांगावे लागत नाही.

हस्तलिखितांची गोष्ट अशीच आहे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार सर्वांना ठाऊक असतो. पोथीतील चुकीच्या अक्षरावर फासलेला हरताळाचा पिवळा पट्टा मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. तो पट्टा, ओळीत राहून गेलेले अक्षर दाखवणारे काकपद, समासात बारीक अक्षरांत घातलेली भर आणि शेवटी लेखनिकाने आपले नाव व शक नोंदवलेली पुष्पिका, एवढ्या चार गोष्टी पडद्यावर दाखवल्या, तर पाठभेद म्हणजे काय हे वेगळे समजावण्याची गरज उरत नाही. संहिता हाताने उतरली जाते आणि उतरताना बदलते, हे विद्यार्थ्याला दिसते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण का हाती घेतले आणि १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून निराळी प्रत का छापली, या प्रश्नांना मग जिवंत पार्श्वभूमी लाभते. महानुभावांच्या सकळ लिपीतील एखादे पत्र दाखवावे. आपलीच भाषा समोर असूनही आपण ती वाचू शकत नाही, हा अनुभव लिपीच्या इतिहासावरील तासभराच्या व्याख्यानाहून अधिक शिकवतो.

मुद्रणाच्या इतिहासालाही हेच लागू पडते. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत, आणि त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनमधील मार्सडेन संग्रहात आहे. एकाच मराठी काव्याचे हे दोन लिपींतील वेष शेजारीशेजारी दाखवण्यासारखे आहेत. विल्यम केरी यांचे १८०५ चे व्याकरण आणि १८१० चा मोडी अक्षरांतील कोश यांची एकेक पाने पाहिली, तर देवनागरी हीच मराठीची एकमेव स्वाभाविक लिपी होती हा समज ढळू लागतो. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या ‘दर्पण’च्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारच्या स्तंभांत आहे. बाळशास्त्री जांभेकरांचा वाचक कोण होता, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या मांडणीतच मिळते. १९५० नंतरच्या दशकातील ‘शब्द’ या अनियतकालिकाचा सायक्लोस्टाइल केलेला अंक पाहिल्यावर प्रस्थापित मासिकांविरुद्धची बंडखोरी केवळ आशयाची नव्हती, कागद आणि शाई यांचीही होती, हे ध्यानात येते.

अशी प्रत्येक प्रतिमा दाखवताना ती कोणत्या संस्थेतील, कोणत्या बाडातील व कोणत्या पत्राची आहे, हे तिच्याखाली नोंदवणे आवश्यक मानावे. संदर्भ देण्याची शिस्त विद्यार्थी आपल्याला पाहून शिकतो.

५. जे ऐकलेच पाहिजे

पडद्यावरील मजकूर शब्दशः वाचून दाखवणे श्रोत्याला उपकारक नसते, असे अध्ययनाच्या मानसशास्त्राचे म्हणणे आहे. रिचर्ड मेयर यांनी याला अतिरेकाचे तत्त्व म्हटले : तेच शब्द एकाच वेळी डोळ्यांना आणि कानांना दिले, तर मनावरचा भार निष्कारण वाढतो. परंतु श्रोत्याला भाषा परकी असेल किंवा शब्द अनोळखी असतील, तेथे सोबतचा लिखित मजकूर साहाय्यक ठरतो, हा अपवादही त्यांनी मान्य केला आहे.

मराठीच्या अध्यापकाला हा अपवाद नियमाइतकाच महत्त्वाचा आहे. तेराव्या शतकातील मराठी आजच्या विद्यार्थ्याला आपली असूनही अनोळखी असते. म्हणून ओवी मोठ्याने वाचावी आणि त्याच वेळी ती पडद्यावरही असावी; आधुनिक गद्यातील आपले विवेचन मात्र पडद्यावर नसावे. आपण सामान्यतः याच्या नेमके उलट करतो. विवेचन पडद्यावर येते आणि मूळ ओवी ‘पुस्तकात पाहा’ म्हणून सोडून दिली जाते.

पडद्यावर ओवी मांडण्याची रीतही अर्थवाही ठरू शकते. पोथीत ती सलग लिहिलेली असते, दंडाखेरीज तुटत नाही. छापील प्रतींत ती बहुधा दोन ओळींत बसवतात. या दोन्ही मांडण्यांत तिची घडण झाकली जाते. पडद्यावर तीच ओवी चार चरणांत, चार ओळींवर मांडली, तर पहिल्या तीन चरणांच्या शेवटचे यमक आणि चौथ्या चरणाचे आखूड, मोकळे सुटणे तत्काळ दिसते. अभंगाचेही तसेच. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग आणि आठ-आठ अक्षरांचा छोटा अभंग यांतील भेद व्याख्येने सांगण्यापेक्षा मांडणीने दाखवणे सोपे. पण हे दाखवून झाल्यावर पडदा बंद करून ती रचना पुन्हा एकदा म्हणावी. छंद डोळ्यांना दिसतो तो केवळ आराखडा असतो. त्याची सिद्धी कानातच होते.

लिपीला न दिसणारे असे आणखीही काही भाषेत असते. ‘जग’ ही दोन अक्षरे विश्व या अर्थी वाचली तर ‘ज’ तालव्य, आणि ‘जगणे’चा आज्ञार्थ म्हणून वाचली तर दंत्य. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. बोलीभाषांतील कथा-कवितांच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी मजकूर प्रमाण उच्चाराच्या सवयीने मनातल्या मनात वाचला, तर त्याचा निम्मा जीव जातो. अशा वेळी ती बोली घरी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला वाचावयास सांगणे, हे कोणत्याही स्लाइडहून मोलाचे ठरते. शिवाय त्या विद्यार्थ्याच्या भाषेला वर्गात मानाचे स्थान मिळते ते निराळेच.

६. काही व्यावहारिक बाबी

देवनागरी मजकूर पडद्यावर मांडताना रोमन लिपीसाठी बेतलेले साचे तसेच उचलणे इष्ट नाही. देवनागरी अक्षराला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार-ऋकार असल्याने दोन ओळींत अधिक अंतर ठेवावे लागते; अन्यथा वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. मागील बाकावरून जोडाक्षरे सुटी दिसावीत, इतका टंक मोठा हवा. युनिकोडपूर्व टंकांत तयार केलेली जुनी सादरीकरणे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत उमटतात. ती युनिकोडमध्ये आणून ठेवणे श्रेयस्कर. काही टंकांत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील रफाराचा भेद नीट उमटत नाही आणि गुरुजनांचे स्वयंपाकी होतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ यांविषयी महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये निर्णय काढला आहे. मराठीच्या वर्गात तरी ती वळणे दिसावीत.

यापेक्षाही महत्त्वाची बाब दृष्टिहीन विद्यार्थ्यांची आहे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत असे विद्यार्थी असतात. ‘हे पाहा’ आणि ‘येथे दिसते त्याप्रमाणे’ असे म्हणून पुढे जाणारा अध्यापक त्यांना वर्गाबाहेर ठेवत असतो. पडद्यावर जे दिसते त्याचे शब्दांत वर्णन करण्याची सवय अध्यापकाने लावून घेतली, तर त्याचा लाभ डोळस विद्यार्थ्यांनाही होतो. कारण काय पाहावयाचे हे सांगितल्याखेरीज पुष्कळदा त्यांनाही दिसत नाही. हरताळाचा पट्टा कोठे आहे, त्याखालचे अक्षर पुसट का दिसते, हे सांगावेच लागते.

वीज गेली वा यंत्र बंद पडले, तर तास थांबू नये, हेही पाहावे. ज्या तासाची तयारी केवळ स्लाइडवर झालेली असते तो अंधारात संपतो. ज्याची तयारी संहितेवर झालेली असते तो पुस्तक उघडून पुढे चालू राहतो.

७. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा : शिलालेख, हस्तलिखित, मुद्रित पृष्ठ आणि छंदाची मांडणी यांसाठी पडदा वापरावा, किंबहुना तो वापरलाच पाहिजे, युक्तिवादाची वाटचाल फळ्यावर आणि वर्गाशी होणाऱ्या संवादात घडावी, आणि काव्य मुखाने म्हटले जावे. ज्ञानेश्वरीची पोथी, ‘दर्पण’चे पान किंवा गोमटेश्वराच्या पायांजवळचा लेख आजवर मोजक्या संशोधकांनाच प्रत्यक्ष पाहावयास मिळे. आता तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही त्यांची प्रतिमा पाहता येते. साधनांच्या या समतेचे मोल फार मोठे आहे. त्याच पडद्यावर आपण सारांशच दाखवत राहिलो, तर मूळ संहितेपर्यंत नेऊ शकणारे साधनच संहितेच्या आड उभे राहील. आपला पुढचा पाठ तयार करताना प्रत्येक अध्यापकाने प्रत्येक स्लाइडपाशी एकच प्रश्न विचारावा : हे विद्यार्थ्याने पाहिल्यावाचून कळणार नाही, असे यात काय आहे? उत्तर मिळाले नाही, तर ती स्लाइड काढून टाकावी आणि त्या जागी मूळ कृतीतील एक परिच्छेद मोठ्याने वाचावा.